शाळेतील श्वासाभ्यास व त्याची मर्यादा

कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधिदर्शनास पायी आलेला यात्रेकरू क्षणभर स्वस्थ बसतो. श्वास संथ होतो, तसे मनही निवते. प्राणायामाचे बीज याच अनुभवात आहे. पतंजलींनी आसन स्थिर झाल्यावरच तो सांगितला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला.

वर्गात मुलांना ताठ बसवून नाकाने सावकाश श्वास घेण्यास व त्याहून सावकाश सोडण्यास शिकवावे. पाच आवर्तने पुरेत. श्वास कोंडून धरण्यास लावू नये. चक्कर आल्यास तत्काळ थांबवावे. या अभ्यासाने चित्त शांत होते, परंतु दमा बरा होत नाही. धाप लागलेल्या मुलास प्राणायामास न बसविता विनाविलंब दवाखान्यात न्यावे. साधनेने औषधाची जागा घेऊ नये, हाच विवेक होय.