पुडी घेताना

मैत्रिणींनो, वेफर्सचं पाकीट, शाम्पूची पुडी आपण फाडून फेकतो. कचरा वेचणाऱ्या बाईला त्यातून काय मिळतं? काहीच नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले. ते सुटे होत नाहीत, म्हणून भंगारवाला घेत नाही. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’च्या नावातच विकला जाणारा माल आहे!

रोजंदारीवर जगणारी बाई छोटी पुडीच घेणार. तिला दोष नको. पण महिन्याचा किराणा भरणाऱ्या आपण बाटली, पुठ्ठ्याचा खोका निवडू शकतो, धुऊन-सुकवून वेगळं देऊ शकतो. जाब मात्र पुड्या बनवणाऱ्या कंपन्यांना विचारायचा. खरेदी बाई करते, म्हणून जबाबदारी एकट्या बाईची, हे आपण मानायचं नाही.