राखीव जागा भरली, पुढे काय?
(एका सभेत केलेले भाषण)



महापालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला म्हणजे कोणत्या पक्षास किती जागा मिळाल्या, एवढेच आपण मोजतो. आज मला मुंबईचा एक निराळा हिशेब आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महापालिकेत काँग्रेसचा पराभव केला. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा समितीचा घटकपक्ष होता. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि १९५९ साली त्या पक्षाचे पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. महापौरपदास त्या काळी आरक्षण नव्हते. आपली मते एकगठ्ठा होती आणि मित्रपक्षांना त्यांची गरज होती, म्हणून ते पद आले. कोणी दान दिले नाही.

आता २०१७ चा निकाल पाहा. एकूण जागा २२७. शिवसेना ८४, भारतीय जनता पक्ष ८२, काँग्रेस ३१. अनुसूचित जातींसाठी १५ जागा राखीव होत्या व त्या सर्व भरल्या. परंतु रिपब्लिकन नावाने निवडून आलेला नगरसेवक त्या सभागृहात एकही नव्हता! आपल्या पुढाऱ्यांनी गटांची जी वाटणी केली, तिचे हे फळ. ते बोलून दाखविण्यास मला संकोच वाटत नाही.

राखीव जागेवरील नगरसेवकांची निंदा मला करावयाची नाही. त्यांची अडचण कायद्यातच आहे. १९८६ च्या अनर्हता कायद्यान्वये पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास नगरसेवकपद जाऊ शकते. शिवाय राखीव प्रभाग फिरतात. आजचा राखीव प्रभाग पुढील खेपेस खुला होऊ शकतो. मग त्या माणसाने आपल्या वस्तीकडे पाहावे की तिकीट देणाऱ्याकडे?

आणि ठराव झाला तरी तो टिकविणारे हात लागतात. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारोंसह तेथील पाणी प्राशन केले. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. सभागृहात आपली बाजू घेणारी मते पुरेशी नव्हती.

७ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या त्या सभागृहाची मुदत संपली व कारभार प्रशासकाकडे गेला, तेव्हा तर प्रश्न विचारावयासही नगरसेवक उरला नाही. म्हणून जेथे नगरसेवक आहे तेथे विचारावयास शिकले पाहिजे. कंत्राटी सफाई कामगारांच्या प्रश्नावर त्याने कोणते मत दिले? आपल्या वस्तीतील नळ, गटार, शाळा यांसाठी अंदाजपत्रकात किती रक्कम होती, आणि खर्च किती झाली? पुढील सभेस येताना आपापल्या प्रभागाचे हे आकडे लिहून आणावेत. ते येथे सर्वांसमक्ष वाचू, आणि नगरसेवकासही बोलावू.