चरबी जाते कुठे?

नांदेडला गोदावरीच्या घाटावर पहाटे झपझप चालणाऱ्यांना विचारा, चरबी जाते कुठे? बहुतेक जण म्हणतील, घामातून! तसं नाही हो.

जेवल्यावर रक्तात साखर चढते, स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि चरबीच्या कोठाराला कुलूप लागतं. पुढचं जेवण लांबलं की इन्सुलिन उतरतं. मग चरबी फुटते, तिची मेदाम्लं रक्तातून स्नायूंपर्यंत पोचतात आणि प्राणवायूच्या मदतीनं पेशींत जळतात. उरतं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. 10 किलो चरबी जळाली, तर त्यातली सुमारे 8.4 किलो नाकातोंडावाटे, श्वासातून जाते!

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच आणि दर वेळी 55 मिनिटांत जेवायचा सल्ला घरोघरी पोचवला, तो याच इन्सुलिनच्या हिशेबावर. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. सगळ्याच डॉक्टरांना ती पटलेली नाही. पण चार वाजताचा गोड चहा अन् त्यात बुडवलेली बिस्किटं ते कुलूप पुन्हा लावतात, हे खरं.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर रक्तातली साखर फार उतरली समजा आणि आधी तीन-चार छोटे चमचे साखर तोंडात टाका.