वाया जाणाऱ्या धुराचे बळ

मालाने भरलेला ट्रक घाट चढू लागला, म्हणजे इंजिनाच्या घरघरीतून शिटीसारखा एक बारीक स्वर कानी येतो. तो टर्बोचार्जरचा.

डिझेल इंजिनाला अधिक तेल देणे सोपे. अवघड असते ते तेल जाळण्यापुरती हवा पुरविणे. साधे इंजिन दट्ट्याच्या ओढीने येईल तेवढ्याच हवेवर भागविते. तेल वाढले आणि हवा तेवढीच राहिली, तर काळा धूरच अधिक निघतो. दुसरीकडे, तेलातील ऊर्जेचा सुमारे तिसरा हिस्सा तापलेल्या वायूंबरोबर धुराच्या नळीवाटे निघून जातो.

ह्या दोन उणिवांची सांगड स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी ह्यांनी घातली. १९०५ साली त्यांनी ह्या कल्पनेचे पेटंट घेतले. एकाच दांड्याच्या दोन टोकांना पात्यांची दोन चक्रे बसविलेली असतात. बाहेर पडणारे तप्त वायू एक चक्र फिरवितात. दुसरे चक्र बाहेरची हवा ओढून, दाबून सिलिंडरांकडे लोटते. ट्रकमध्ये हा वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्या घरात जातो. दाबलेली हवा तापते आणि तापल्याने विरळ होते. म्हणून ती आत सोडण्यापूर्वी थंड करतात.

कल्पना सिद्धीस जाण्यास वीस वर्षे लागली. १९२५ साली ब्यूखी ह्यांनी दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनांची शक्ती १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत नेली. ही इंजिने ‘प्रॉइसन’ व ‘हान्सेश्टाट डान्झिग’ ह्या जर्मन प्रवासी जहाजांवर बसविण्यात आली.

मात्र हे यंत्र जितके बलवान तितकेच नाजूक. त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो आणि ते तेल इंजिनाच्या पंपाकडून येते. घाटमाथ्यावर पोहोचताच चालकाने इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो. चक्राची धग मात्र उरते. आत अडकलेले तेल करपते, त्याची काजळी धरते आणि बेअरिंग झिजू लागते. अशा एका दुरुस्तीत अनेक खेपांची कमाई जाते.

म्हणून मोठा चढ संपल्यावर दोन-चार मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावे, मगच चावी फिरवावी. चहाच्या ओढीने ही मिनिटे चालकाला जड वाटतात. पण तेवढ्या वेळात ताजे तेल आतली धग वाहून नेते आणि पुढच्या घाटासाठी यंत्र शाबूत राहते.