रानांतील शौर्य आणि रानांतील शहाणपण

दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एक मनुष्य दोरावरून कडा उतरतो, किडे कच्चे खातो, सापाची शेपटी धरून त्याला उचलतो, आणि तासाभरांत निबिड अरण्यांतून सुखरूप बाहेर पडतो. शहरांतील घराघरांतून मुलें आणि मोठीं माणसें हें दृश्य श्वास रोखून पाहतात. त्यांत रंजन आहे, याबद्दल वाद नाहीं. परंतु रानांत जीव कसा वांचवावा याचें शिक्षण म्हणून हें रंजन कितपत स्वीकारावें, हा प्रश्न विचारांत घेण्यासारखा आहे. आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. पुणें जिल्ह्यांतील आणे गांवापर्यंत गेलें तरी पुरे.

कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता आळेफाटा व बेल्हे मागें टाकून आणे घाट चढला, कीं कालव्याच्या पाण्यावर पोसलेलीं उसाचीं शेतें खालीं राहतात आणि आपण एका उघड्या, कोरड्या पठारावर येतों. रंगदासस्वामींच्या उत्सवांतील आमटी-भाकरीच्या महाप्रसादामुळें आण्याचें नांव पुष्कळांनीं ऐकलें असेल. जुन्नर तालुक्याच्या या पूर्व कोपऱ्यांत पाऊस कमी, पाणी थोडें. घाटाखालच्या उसांत बिबट्या, बांधावर घोणस आणि पठारावर उन्हाळ्याची तहान, हीं संकटें येथील माणसाच्या शेजारालाच आहेत. पडद्यावरील वीराला तरी याहून निराळें काय भेटतें?

या कार्यक्रमांतील सर्वांत गाजलेला कार्यक्रम बेअर ग्रिल्स यांचा. तो २००६ सालीं सुरू झाला, आणि ‘मॅन व्हर्सेस वाइल्ड’ या नांवांतच मनुष्य विरुद्ध रान असा सामना मांडलेला आहे. चित्रीकरणाच्या काळांतील कांहीं रात्री हॉटेलांत गेल्याच्या बातम्या २००७ सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर, कांहीं प्रसंग मुद्दाम मांडलेले असतात, अशी सूचना कार्यक्रमासोबत देण्यांत येऊं लागली. ग्रिल्स हे सैनिकी शिक्षण घेतलेले गृहस्थ आहेत आणि त्यांच्याभोंवतीं मदतनीसांचा ताफा असतो, यांत गैर कांहीं नाहीं. दोष आहे तो या कलेच्या स्वभावांतच. नाट्य घडावयाचें तर संकट जवळ आलें पाहिजे. उलट, शहाणपणाचें सारें काम संकट दूर ठेवण्याचें. ज्या दिवशीं कांहींच घडलें नाहीं, तो रानांत यशाचा दिवस होय. पडद्यावर मात्र तोच दिवस वायां गेलेला ठरतो.

बिबट्याचेंच उदाहरण घ्या. १२ ऑगस्ट २०१९ रोजीं पंतप्रधानांसह कॉर्बेटच्या अरण्यांत झालेला भाग दाखविला गेला, तेव्हां वाघापासून रक्षणासाठीं काठीला सुरा बांधून भाला केलेला आपण पाहिला. जुन्नरच्या शेतकऱ्याला भाल्याचा उपयोग नाहीं. रात्रीं पाणी द्यावयास जातांना त्यानें विजेरी बाळगावी, काठी आपटीत, मोठ्यानें बोलत अथवा रेडिओ लावून जावें, एकट्यानें वाकून किंवा उकिडवें बसूं नये, आणि अंधार पडल्यावर मुलांना अंगणांत एकटें सोडूं नये, असें वनखातें सांगतें. उभा माणूस बिबट्या सहसा टाळतो. खालीं वाकलेली लहान आकृति त्याला भक्ष्यासारखी दिसते. हे नियम सामान्य वाटतील; परंतु २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड-जांबूत भागांत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचे प्राण गेले आणि त्यांत दोन मुलें होतीं, हें आठवलें म्हणजे त्यांचें मोल कळतें. तरीही बिबट्या विहिरींत पडल्याची वार्ता आली कीं कांठावर हातांत मोबाइल घेतलेल्यांची गर्दी होते. बाहेर पडण्याची वाट दिसेनाशी झालेलें जनावर अधिकच बिथरतें. अशा वेळीं गर्दी हटविणें हें वनरक्षकांचें पहिलें आणि सर्वांत अवघड काम होऊन बसतें.

आण्याच्या पुढें टाकळी ढोकेश्वर लागतें. तेथील विहिरींतून २००९ सालीं काढलेल्या एका बिबट्याच्या गळ्यांत विद्या अत्रेय यांच्या अभ्यासगटानें संदेश देणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटांत सोडलें. ‘आजोबा’ या नांवानें तो पुढें प्रसिद्धीस आला. सुमारें १२० किलोमीटर चालून, वाटेंत रेल्वे आणि महामार्ग ओलांडून, तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. वाटेंत त्यानें एकाही माणसाला इजा केली नाहीं. २०११ सालीं महामार्गावर एका वाहनाखालीं त्याचा अंत झाला. मनुष्य विरुद्ध रान या सामन्यांत, श्रोतेहो, कोण कोणाला भ्यावें?

सापाची गोष्ट याहून तांतडीची. आपल्याकडील बहुतेक घातक दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चौघांचे. दंशावर चीर देऊन विष चोखून काढण्याचें दृश्य चित्रपटांनीं व साहसपटांनीं इतकें रुजविलें आहे कीं सुशिक्षितांनाही तो उपचार वाटतो. वस्तुतः चीर दिल्यानें रक्तस्राव व जखम वाढते, आणि घट्ट दोरी आवळल्यानें अवयव निकामी होण्याची भीति असते. दंश झालेला हात वा पाय हलूं देऊं नये, रोग्याला धीर द्यावा आणि विनाविलंब रुग्णालय गांठावें. विषावरील उतारा प्रतिविषाच्या कुपींत आहे, चाकूच्या पात्यांत नाहीं. नारायणगांवचे डॉ. सदानंद राऊत वर्षानुवर्षें सर्पदंशाच्या रोग्यांवर उपचार करीत आणि हेंच लोकांना सांगत आले आहेत.

तहानेचेंही तसेंच. स्वतःचें मूत्र पिऊन तग धरण्याचा प्रकार पडद्यावर दिसला आहे. शरीरानें टाकून दिलेले क्षार पुन्हां पोटांत घालून तहान वाढते, भागत नाहीं. पठारावरचा शेतकरी उन्हें चढण्यापूर्वीं काम उरकतो, दुपार सांवलींत काढतो आणि पाण्याचें भांडें घरूनच नेतो. वाट चुकलेल्या प्रवाशानेंही हेंच करावें. एका जागीं थांबावें, आणि आपण कोठें जात आहों हें निघण्यापूर्वींच कोणाला तरी सांगून ठेवावें.

मग हे कार्यक्रम मुलांना दाखवूंच नयेत काय? तसें नाहीं. रानाविषयीं कुतूहल त्यांतून जागें होतें, आणि तें मोलाचें आहे. मात्र कार्यक्रम संपल्यावर घरांतील वडील माणसांनीं मुलांना दोन प्रश्न विचारावेत : वीर कड्यावरून उडी घेत होता तेव्हां चित्र घेणारा माणूस कोठें उभा होता? आणि ती उडी न घेतां खालीं उतरण्याची वाट नव्हती काय? पावसाळ्यांत माळशेजला किंवा नाणेघाटाला सहलीस निघण्यापूर्वीं हे प्रश्न ज्या घरांत विचारले जातील, त्या घरचीं मुलें संध्याकाळीं सुखरूप परततील असा अधिक भरंवसा धरतां येईल.