शिळ्या पावाचा ताजा घास

फ्रेंच टोस्ट हा काय भाषणाचा विषय झाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. अंड्यादुधात बुडवून तव्यावर परतलेला पाव. त्यात सांगण्यासारखे ते काय असणार? त्यातही मी बोलणार आहे ते त्याच्या अगदी लहान रूपाविषयी, म्हणजे एकेका घासाएवढ्या तुकड्यांविषयी. परंतु स्वयंपाकघरातील लहान गोष्टींच्या पोटात पुष्कळदा मोठे प्रश्न असतात. या पदार्थाच्या पोटात असे दोन प्रश्न आहेत. घरात उरलेले शिळे अन्न कोणाच्या पानात जाते, हा एक. आणि सकाळच्या घाईत सर्वांना गरम खाऊ घालणारे माणूस स्वतः केव्हा खाते, हा दुसरा.

शिळ्या अन्नाकडे पाहण्याची आपली दृष्टी मोठी चमत्कारिक आहे. ‘शिळ्या कढीला ऊत’ हे शब्द आपण कौतुकाने कधीच उच्चारीत नाही. तरीही फोडणीचा भात आणि शिळ्या पोळीचा कुस्करा हे पदार्थ आपल्या घरांतून आवडीने खाल्ले जातात. फोडणी दिली की शिळ्याचे शिळेपण जाते आणि मुले ते मागून घेतात. फोडणी न दिलेली कालची पोळी मात्र मुकाट्याने कोणाच्या वाट्याला येते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ती बहुधा घरच्या बाईच्याच पानात जाते. आणि तीही सर्वांची जेवणे झाल्यावर, ओट्याशी उभ्या उभ्या. म्हणून ज्या पदार्थात शिळे अन्न हेच मुख्य साधन आहे आणि जो सर्वांनी मिळून, आवडीने खावयाचा आहे, त्याचे मोल मला अधिक वाटते.

फ्रेंच टोस्ट हा असा पदार्थ आहे, हे त्याच्या इंग्रजी नावावरून कळत नाही. फ्रान्समध्ये त्याला म्हणतात ‘पँ पेर्द्यू’, म्हणजे ‘गमावलेला पाव’. वाळून हातचा गेलेला पाव दुधात आणि अंड्यात भिजवून पुन्हा मिळवावयाचा, असा त्या नावाचा भाव आहे. जर्मन लोक या पदार्थाला ‘गरीब सरदार’ म्हणतात. इंग्लंडातही ‘विंडसरचे गरीब सरदार’ हे त्याचे एक जुने नाव आहे. स्पेनमध्ये तो ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत होतो आणि पोर्तुगालमध्ये नाताळात. इंग्रजी पुस्तकात ‘फ्रेंच टोस्ट’ हे नाव रॉबर्ट मे या स्वयंपाक्याने १६६० मध्ये छापले. पण त्याच्या कृतीत अंडे नव्हतेच. भाजलेला पाव मद्यात भिजवून साखर आणि संत्र्याचा रस घालावा, असे तो सांगतो. नाव एक आणि पदार्थ दुसरा, असा हा प्रकार.

याहूनही मागे गेले, तर एक मौजेची गोष्ट हाती लागते. ‘आपिसियस’ या नावाने ओळखला जाणारा रोमन पाककृतींचा एक लॅटिन संग्रह आहे. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास तो संकलित झाला, असे मानतात. त्यात एक गोड पदार्थ सांगितला आहे. पांढऱ्या पावाचे कवच काढावे, त्याचे मोठाले घास करावेत, ते दुधात भिजवून तळावेत आणि वर मध ओतून वाढावेत, अशी ती कृती. तुकड्यांसाठी तेथे जो लॅटिन शब्द योजला आहे, त्याचा अर्थच मुळी ‘घास’ असा आहे. म्हणजे घासाएवढे तुकडे करण्याची कल्पना आजच्या घाईच्या जीवनातून निघाली, असे मानण्याचे कारण नाही. आणि त्या कृतीतही अंडे नाही, हे आपल्यातील शाकाहारी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे; पुढे मी त्याकडे परत येणार आहे.

आपल्याकडे पाव आला तो पोर्तुगीजांबरोबर. ‘पाव’ हा शब्दच त्यांच्या भाषेतून आला. गोव्यात पाव भाजणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात, तेही पोर्तुगीज शब्दाचेच रूप. तेथील पोदेरांनी माडाच्या सुरेने पीठ आंबवून पाव केले. महाराष्ट्राच्या सोवळ्या स्वयंपाकघरात मात्र या पावाला फार काळ प्रवेश नव्हता. परक्या धर्माच्या माणसाने भाजलेला पाव खाल्ला की जात जाते, ही समजूत दृढ होती. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडू पाहणारे हे सभासद गुप्तपणे जमत आणि नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पावाच्या एका घासाला त्या काळी केवढे धैर्य लागत होते, याची यावरून कल्पना यावी. आज तोच पाव आपण सकाळी निर्धास्तपणे चहात बुडवतो आणि उरला तर तितक्याच निर्धास्तपणे टाकून देतो. ज्या घासासाठी माणसांनी जातीचा रोष पत्करला, तो केराच्या टोपलीत टाकताना हात थोडा थबकावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्यापैकी जे इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीकडे राहतात ते पावाला डबलरोटी म्हणतात, आणि हैदराबादच्या श्रोत्यांना ‘डबल का मीठा’ सांगावयास नको. तुपात तळलेली डबलरोटी पाकात आणि दुधात मुरवून केलेले हे पक्वान्न म्हणजे याच कुळातील श्रीमंत नातेवाईक. पण ते मेजवानीचे. आपल्याला हवी आहे ती कामाच्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत होणारी न्याहारी.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पाव शिळा होतो म्हणजे केवळ वाळतो, असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. घट्ट गुंडाळून ठेवलेला पावही दुसऱ्या दिवशी ताठर लागतोच. भट्टीत पाव भाजला जात असताना पिठातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि मऊ होतात. पाव निवला की तेच पिष्ट हळूहळू पुन्हा घट्ट बांधले जाऊ लागते, आणि पावाला ताठपणा येतो. फ्रिजच्या थंडीत ही क्रिया अधिक वेगाने चालते, म्हणून तेथे ठेवलेला पाव बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. गोठवण्याच्या कप्प्यात मात्र ती जवळजवळ थांबते. हा ताठपणा चहाबरोबर खाताना दोष असेल, फ्रेंच टोस्टसाठी तो गुण आहे. ताजा, लुसलुशीत पाव दुधात पडताच त्याचा लगदा होतो. शिळा पाव आपला आकार न सोडता दूध पितो. म्हणजे जो पाव कोणालाच नको असतो, तोच येथे हवा असतो.

आता तुकडे लहान का करावयाचे, ते पाहू. दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड असा पावाचा काप घेतला, तर त्याचा सगळा पृष्ठभाग ३०० चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचेच अडीच सेंटिमीटरचे १६ चौकोनी तुकडे केले, तर पृष्ठभाग होतो ६००, म्हणजे बरोबर दुप्पट. पाव तेवढाच, पण दूध शिरण्यास आणि खमंग होण्यास जागा दुप्पट झाली. मोठा काप भिजण्यासाठी ताटकळावे लागते, आणि तरीही पुष्कळदा तो मध्ये कोरडा राहतो. लहान तुकड्याला काही क्षण पुरतात.

दुसरे कारण तव्याचे आहे. गोल तव्यावर पावाचे चौकोनी काप नीट असे दोनच मावतात. चौघांची न्याहारी म्हणजे तवा चार वेळा भरावयाचा. पहिल्याचा टोस्ट खाऊन होतो तेव्हा चौथ्याचा तव्यावर असतो. आणि करणारे माणूस, घावन किंवा डोसे घालताना जसे उभे असते, तसेच शेवटपर्यंत चुलीशी उभे. लहान तुकडे मात्र तव्याच्या कडेकडेनेही बसतात. चौघांचे सगळे घास एकाच वेळी तयार होतात, एकाच ताटात पडतात, आणि ते ताट मध्ये ठेवून सर्वांना एकत्र बसता येते. माझ्या मते या लहान तुकड्यांचा सर्वांत मोठा गुण हाच.

आता कृती. चौघांसाठी आदल्या दिवशीचे चार लादीपाव घ्यावेत. रात्री प्रत्येकाचे चार चार तुकडे करून ताटात पसरावेत आणि वर पातळ फडके घालून ठेवावे. अर्धी भाकरी, चतकोर, नितकोर असे मोजणाऱ्या आपल्या भाषेत हा झाला पावाचा चतकोर. सकाळी दोन अंडी खोलगट ताटलीत फोडावीत. त्यांत चिमूटभर मीठ घालून, पांढऱ्या भागाची तार दिसेनाशी होईपर्यंत फेटावीत. मग अर्धा पेला, म्हणजे सुमारे १२० मिलिलिटर दूध, चमचाभर साखर आणि थोडी वेलदोड्याची पूड मिसळावी. साखर याहून अधिक घालू नये. ती तव्यावर करपते. ज्यांना गोड अधिक हवे, त्यांनी वरून मध किंवा पातळ गूळ घ्यावा.

तवा मध्यम आचेवर तापवून त्यावर दोन चमचे तूप सोडावे. नुसते लोणी घातले तर त्यातील दुधाचा अंश लवकर जळतो. आपले कढवलेले तूप येथे अधिक उपयोगी. तुपात पावाचा एक कण टाकून पाहावा. तो लगेच चुरचुरला की तवा तयार झाला असे समजावे. तुकडे चार-चार करून मिश्रणात टाकावेत, पाच आकडे मोजावेत, उलटावेत आणि निथळून तव्यावर मांडावेत. अंडे घट्ट होण्यास ७० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते; वरचा सोनेरी रंग आणि खमंगपणा मात्र १४० अंशांच्या पुढे येऊ लागतो. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ज्या रासायनिक क्रियेचे वर्णन केले, तीच ही. आच मोठी केली तर बाहेर रंग येतो आणि आत कच्चे राहते. आच अगदी मंद ठेवली तर पाव तूप पिऊन बसतो. म्हणून मध्यम आच आणि एकेका अंगाला सुमारे एक मिनिट, हे प्रमाण धरावे. चिमट्याने चार अंगे फिरवली की पुरे. तुकड्यांमध्ये बोटभर जागा असू द्यावी. गर्दी झाली की वाफ धरते आणि कुरकुरीतपणा जातो.

तिखट आवडणाऱ्यांनी साखर आणि वेलदोडा वगळून त्याच मिश्रणात बारीक हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद आणि थोडा कांदा घालावा. कांदा अगदी बारीक हवा, नाहीतर तो तुकड्याला न चिकटता तव्यावर सुटतो. अंडे न खाणाऱ्यांनी त्या रोमन कृतीचे स्मरण करावे. तीत केवळ दूध आणि मध होता. मात्र नुसत्या दुधाने तुकडा विरघळण्याचा धोका असतो, म्हणून पेलाभर दुधात दोन चमचे तांदळाचे पीठ कालवावे आणि तुकडे झटपट बुडवून काढावेत. पिठातील पिष्ट तापून घट्ट होते आणि अंड्याचे काम बऱ्याच अंशी भागवते.

काटकसरीच्या भरात दोन पथ्ये विसरू नयेत. शिळा पाव निराळा आणि बुरसटलेला निराळा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तो भाग काढून उरलेला पाव वापरू नये; मऊ पावात तिचे तंतू डोळ्यांना न दिसता दूरवर पसरलेले असतात. तसेच अंड्यादुधाचे मिश्रण रात्री करून बाहेर ठेवू नये. पाव रात्री कापावा, मिश्रण सकाळीच करावे, आणि उरलेले टाकून द्यावे.

एवढे केले की दहा मिनिटांत चौघांची न्याहारी होते. कोणाला गाडी गाठावयाची असते, कोणाला शाळा. ज्याला बसण्यास वेळ नाही तो चार घास बशीत घेऊन निघू शकतो. ज्या लहान मुलाला एक काऊचा, एक चिऊचा असे म्हणत भरवावे लागते, ते हा घास स्वतःच्या हाताने उचलते. आणि ही कृती इतकी सोपी आहे की ती घरातील कोणीही करावी. करणारे हात बाईचेच असले पाहिजेत, असा नियम पाकशास्त्रात कोठेही सांगितलेला नाही.

तेव्हा श्रोतेहो, आज रात्री डब्यात दोन-चार पाव उरले असतील, तर ते कापून ठेवा. उद्या सकाळी तवा एकदाच भरा, ताट मध्ये ठेवा, आणि घास वाटण्यापूर्वी घरातील सर्व माणसे बसली आहेत ना, एवढे पाहा. तव्याशी उभे असलेले माणूसही त्यांत मोजावयास विसरू नका.