हत्ती बघायला पाहुणे, गाडी गावाची



आज जरा लांब जाऊ या, थायलंडला. हल्ली आपल्याकडची बरीच मंडळी तिकडे फिरायला जातात. फोटोत समुद्र दिसतो, होड्या दिसतात, दुकानं दिसतात. मी काही तिकडे गेलेले नाही. पण तिथल्या एका दिवसाच्या सहलीबद्दल वाचलं आणि वाटलं, हे आपल्या गटांना सांगायलाच हवं. कारण ही सहल निघते समुद्रकाठाहून, पण पोचते अननसाच्या शेतांच्या पलीकडे, हत्तींकडे.

हुआ हिन नावाचं एक गाव आहे, बँकॉकपासून दक्षिणेला साधारण २०० किलोमीटरवर. १९११ साली तिथे रेल्वे आली. राजघराण्यानं समुद्रकाठी वाडा बांधला. मग श्रीमंत आले, हॉटेलं आली, आणि आता जगभरचे पाहुणे येतात. पाहुणा दोन दिवस वाळूत बसतो आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, आज काय बघायचं? मग हॉटेलवाला किंवा एजंट सहली दाखवतो. एक सहल साम रोई योतची असते. तिथे डोंगर चढून गेलं की गुहेत एक सुंदर मंडप आहे, १८९० साली राजाच्या भेटीसाठी उभारलेला. दुसरी सहल कुई बुरीची. आपण तिच्याबद्दल बोलू.

कुई बुरी हे राष्ट्रीय उद्यान आहे, म्हणजे राखीव जंगल. हुआ हिनहून गाडीनं दीडेक तास. पाहुणा जेवून दुपारी निघतो. फाटकापाशी परदेशी माणसाला २०० बाटचं तिकीट काढावं लागतं. एक बाट म्हणजे अडीच रुपयांहून थोडं जास्तच. आता खरी गंमत ऐका. तुम्ही कितीही भारी गाडीतून आलेले असा, ती गाडी इथेच थांबते. पुढे जायचं ते गावकऱ्यांच्या पिकअपमध्ये, मागच्या हौद्यातल्या बाकड्यावर बसून, गावातला वाटाड्या सोबत घेऊन. भाडं माणशी नाही, गाडीमागे, साडेआठशे बाटच्या आसपास. ऊन उतरलं की हत्ती जंगलातून मोकळ्या गवतावर येतात. कधी रानगव्यांचा कळपही दिसतो. पाहुण्यांनी लांबूनच बघायचं. आरडाओरडा नाही आणि जवळ जाणं तर नाहीच. सहाच्या सुमारास सगळे परत.

हे सगळं सुरळीत वाटतं, पण सुरुवात अशी नव्हती.

हा भाग अननसाचा आहे. डबाबंद अननस जगभर पाठवण्यात थायलंड आघाडीवर, आणि त्यातला मोठा वाटा या प्रचुआप खिरी खान प्रांताचा. अननसाला भाव आला तशी जंगलं तुटली आणि मळे वाढले. हत्तींचं गवत गेलं, पाणी गेलं, आणि समोर आलं गोड फळ. हत्तीनं काय करावं? तो मळ्यात शिरला. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक एका रात्रीत भुईसपाट. डोक्यावर कर्ज. रात्ररात्र जागून फटाके वाजवायचे. नव्वदच्या दशकात गोष्ट इतकी विकोपाला गेली, की हत्तींना विष घातलं गेलं, गोळ्या घातल्या गेल्या.

तेव्हाचे राजे भूमिबोल यांनी त्यात लक्ष घातलं. मळ्यांखाली गेलेली काही जमीन पुन्हा जंगलाकडे वळवली. आत पाणवठे केले, गवत वाढवलं, प्राण्यांना चाटायला मिठाच्या जागा केल्या. १९९९ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. हत्तीचं पोट जंगलात भरलं तर तो शेतात कमी येईल, असा साधा हिशोब. आणि मग हे हत्ती बघायला पाहुणे येऊ लागले, तेव्हा गाडी आणि वाटाड्या गावचा असेल असं ठरलं. ज्याच्या मळ्यात हत्ती शिरत होता, त्याच गावाला आता हत्ती दिसण्यातून चार पैसे मिळू लागले.

त्रास पुरता संपलाय असं नाही. हत्ती अजूनही मळ्यात येतात. पण हत्ती फक्त नुकसान करतो, हे चित्र बदललं. साखळीनं बांधून पाठीवर माणसं फिरवणारा हत्ती थायलंडच्या पर्यटन गावांत बघायला मिळतोच. त्याचे पैसे त्याच्या मालकाला. कुई बुरीचा हत्ती मोकळा आहे, आणि त्याचे पैसे गावात येतात.

आता आपल्याकडे बघा. आपल्या दोडामार्गात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतात. माड, केळी, सुपारी आडवी होते. पंचनामा, भरपाई, हेलपाटे, हे तिथल्या बायांना कुणी सांगायला नको. हत्ती नसेल तिथे रानडुक्कर आहे, गवा आहे, बिबट्या आहे. उद्या कुणी म्हणेल, इथे जंगल सफारी सुरू करू. चांगलंच आहे. पण गाडी कुणाची? वाटाड्या कोण? जेवण कुणाच्या चुलीवरचं? पीक आमचं गेलं आणि तिकीट शहरातल्या एजंटानं फाडलं, असं झालं तर आपल्या वाट्याला फक्त धूळ.

आपल्या बायकांना हे जमणार नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला वेंगुर्ल्याला न्या. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात.

म्हणून पुढच्या बैठकीत एवढं करा. तुमच्या गावात किंवा शेजारी पाहुणे येत असतील, तर एका पाहुण्याचा दिवस कागदावर मांडा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो कुठे कुठे पैसे देतो, आणि प्रत्येक ठिकाणी ते कुणाच्या हातात जातात, ते लिहा. त्यातली एक जागा गटासाठी निवडा. दर ठरवा, तो फळ्यावर लिहा, कामाच्या पाळ्या लावा. आणि ग्रामसभेत ठराव मांडा, की अमुक ठिकाणापासून पुढे गावचीच गाडी, गावचीच माणसं. ज्यांच्या शेताचं नुकसान होतं, त्या घरांना पहिली संधी. हा नियम पाहुणे येण्याआधी करायचा असतो. एकदा बाहेरच्यांचा जम बसला, की मग आपल्याला कुणी विचारत नाही.

तुमचा कागद तयार झाला की केंद्रावर पाठवा. पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.